निळें लांछन

मराठींत कातडीवरील खुणांना नांवांची वाण नाहीं. तीळ, मस, चामखीळ, वांग, लासें अशीं कितीतरी नांवें रोजच्या बोलण्यांत आहेत आणि प्रत्येकाच्या पाठीमागें शकुन-अपशकुनांचें एक लहानसें शास्त्रहि आहे. परंतु एक डाग असा आहे, कीं तो पुष्कळांनीं पाहिलेला असूनहि त्याला आपल्या भाषेंत रूढ असें स्वतंत्र नांव नाहीं. तो बहुधा चेहऱ्याच्या एकाच बाजूस असतो. डोळ्याच्या खालच्या पापणीपासून गालाच्या उंचवट्यापर्यंत, कधीं कानशिलावर, कधीं कपाळाच्या अर्ध्या भागावर, पाटीच्या दगडासारखी राखाडी-निळी छटा पसरलेली असते. तिचे कांठ स्पष्ट नसतात. ठिपके ठिपके एकमेकांत मिसळून गेलेले असतात. हाताला कांहीं लागत नाहीं, दुखत नाहीं, खाजत नाहीं. आणि नीट पाहिलें तर पुष्कळदां त्याच बाजूच्या डोळ्याच्या पांढऱ्या भागावरहि निळसर-करडी झांक आढळते. वैद्यकांत या डागाला ‘ओताचा नीव्हस’ म्हणतात. नीव्हस म्हणजे जन्मखूण, आणि ओता हें एका जपानी वैद्याचें आडनांव आहे.

नांव नसलें, तरी कारण मात्र लोकांनीं ठरवून टाकलेलें असतें. गरोदरपणीं ग्रहण लागलें असतां आईनें विळीला हात लावला, कांहीं चिरलें किंवा शिवलें, म्हणून मुलाच्या तोंडावर ग्रहणाची सावली उमटली, असें सांगण्यांत येतें. म्हणजे डाग मुलीच्या गालावर आणि दोष आईच्या माथ्यावर! ग्रहणाचा व या डागाचा कांहींएक संबंध नाहीं. आईच्या खाण्यापिण्याचा, तिच्या बसण्याउठण्याचा किंवा तिच्या मनांतल्या भीतीचाहि नाहीं. हा डाग संसर्गानें पसरत नाहीं आणि सामान्यतः आईबापांकडून मुलांकडे येतहि नाहीं. असें असतांहि ज्या घरांत अशी मुलगी असते, तेथें लग्नाचा विषय निघाला कीं छायाचित्र दुसऱ्या बाजूनें काढण्याची खटपट सुरू होते.

याहून वाईट खटपट उपायांची असते. कोणी बिब्बा घालण्याचा सल्ला देतो, कोणी चुना आणि सोडा लावावयास सांगतो, कोणी तेजाबाचा बोळा फिरवितो. हल्लीं त्यांत गोरेपणाच्या मलमांची भर पडली आहे. त्यांतील कांहींत तीव्र स्टिरॉइड मिसळलेलें असतें आणि त्यानें कातडी पातळ व तांबूस होऊन बसते. या सर्व उपायांत एकच चूक आहे. डाग वर दिसतो, म्हणून तो वरच आहे असें ते धरून चालतात. हा डाग वर नाहीं. तो कातडीच्या आंत आहे, आणि तो निळा दिसतो याचें कारणहि तेंच आहे.

ही गोष्ट समजण्यासाठीं आपल्याकडील गोंदणाकडे पाहावें. गोंदणारीण सुईनें टोचून काजळी भरते. काजळी काळीभोर असते. परंतु आजीच्या कपाळावरचें किंवा हातावरचें तुळशीवृंदावन काळें दिसत नाहीं, हिरवट-निळें दिसतें. काजळी बदललेली नसते. ती खोल गेलेली असते. पांढऱ्या प्रकाशांतील तांबडे किरण कातडींत खोलवर शिरतात आणि तेथील काळ्या कणांत शोषले जातात. निळे किरण मात्र वरच्या थरांतच विखुरले जाऊन पुष्कळसे परत फिरतात आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांत पोंचतात. म्हणून वर असलेला काळा रंग काळा किंवा तपकिरी दिसतो आणि तोच खोल असला म्हणजे निळा भासतो. ओताच्या डागांतील द्रव्य दुसरें तिसरें कोणतें नसून मेलॅनिन, म्हणजे प्रत्येक माणसाच्या केसांत व कातडींत असलेला तोच तपकिरी-काळा रंग होय. द्रव्य तेंच, जागा मात्र चुकलेली.

ती जागा कां चुकते? गर्भ अगदीं लहान असतां त्याच्या पाठीच्या कण्याच्या जागीं मज्जेची एक पन्हळ तयार होते. रंग तयार करणाऱ्या पेशी तिच्या कांठाशीं जन्मतात आणि तेथून निघून साऱ्या शरीरभर प्रवास करतात. त्यांना पोंचावयाचें असतें तें बाह्यत्वचेच्या तळाशीं. तेथें पोंचून त्या आपलें काम करूं लागल्या, म्हणजे माणसाला त्याचा वर्ण येतो. कांहीं पेशी वाटेंतच, अंतस्त्वचेंत, अडकून राहतात. हिंदुस्थानांतील, चीन-जपानांतील पुष्कळ तान्ह्या बाळांच्या कमरेवर व ढुंगणावर जो निळा डाग दिसतो, तोहि अशाच मागें राहिलेल्या पेशींचा. तोकियोंत राहणारे जर्मन वैद्य एर्विन बेल्त्स यांनीं १८८५ सालीं त्याचें वर्णन करून त्यास ‘मंगोली डाग’ म्हटलें. तो बहुधा लहानपणींच मावळतो. चेहऱ्यावरील पेशी मात्र मावळत नाहींत. उलट, सुमारें निम्म्या रुग्णांत डाग जन्मतः किंवा पहिल्या वर्षांत दिसतो, तर उरलेल्यांतील बहुतेकांत तो वयांत येण्याच्या सुमारास उमटतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलीच्या गालावर अचानक निळें दिसूं लागलें, म्हणजे घरचे मार लागला असें समजून शेक देत बसतात. रुग्णांत स्त्रियांचें प्रमाण पुरुषांहून बरेंच अधिक आढळतें. अर्थात् उपचारासाठीं येणाऱ्यांत स्त्रिया अधिक असतात, हेंहि त्याचें एक कारण असूं शकेल.

डागांची वर्गवारी करण्याची दृष्टि आपल्याकडे नव्हती असें नाहीं. सुश्रुतसंहितेंत क्षुद्ररोगांच्या प्रकरणीं व्यंग, न्यच्छ, नीलिका, तिलकालक अशीं निरनिराळीं नांवें आलेलीं आहेत. व्यंग म्हणजेच आपला वांग. वांगाहून अधिक काळा तो नीलिका, असा भेद तेथें रंगावरून केला आहे; न्यच्छ व जतुमणि हे जन्मापासून असतात, असा दुसरा भेद काळावरून आहे. नीलिका म्हणजेच ओताचा डाग, असें मात्र कोणी म्हणूं नये. जुन्या ग्रंथांतील शब्दांवर नवीं नांवें चिकटविण्यानें दोहोंचेंहि नुकसान होतें.

या डागाला ज्यांचें नांव मिळालें, त्या ओता मासाओ यांचें चरित्र मोठें विलक्षण आहे. त्यांचा जन्म १८८५ चा, जपानांतील इतो या समुद्रकांठच्या गांवचा. त्यांना चित्रकार व्हावयाचें होतें. घरच्यांनीं त्यांना वैद्यकाकडे वळविलें. तरी कला त्यांनीं सोडली नाहीं. किनोशिता मोकुतारो या नांवानें ते कविता व नाटकें लिहीत आणि जपानी साहित्याच्या इतिहासांत ते त्याच नांवानें ओळखले जातात. सोळाव्या शतकांत जपानांत आलेल्या पोर्तुगीज पाद्र्यांच्या काळाचें त्यांना मोठें वेड होतें. त्या पाद्र्यांपैकीं लुईश फ्रोइश यांच्या पत्रांचें त्यांनीं जपानींत भाषांतर केलें. हे फ्रोइश जपानला जाण्यापूर्वीं आपल्या गोव्यांत शिकले व तेथेंच त्यांना दीक्षा मिळाली होती. ओतांचा दुसरा व्यासंग कातडीवर वाढणाऱ्या बुरशींचा. फ्रान्समध्यें असतां लांजेराँ यांच्या सहकार्यानें त्यांनीं १९२३ सालीं या बुरशींचें जें वर्गीकरण प्रसिद्ध केलें, त्याचा युरोपांतहि गौरव झाला. पुढें १९३७ सालीं ते तोकियोच्या विद्यापीठांत त्वचारोगाचे प्राध्यापक झाले. महायुद्धाच्या ऐन धुमश्चक्रींत, १९४३ पासून १९४५ पर्यंत, हा गृहस्थ रात्रीं बसून फुलापानांचीं चित्रें रेखीत होता. अशीं ८७२ चित्रें त्यांनीं काढलीं आणि १९४५ च्या ऑक्टोबरांत ते वारले.

चित्रकाराचा डोळा व वर्गीकरणाची हौस ज्याच्या ठायीं एकत्र आली, त्याच्याच हातून या डागाला नांव मिळावें, यांत नवल नाहीं. असा रुग्ण पूर्वीं कोणीं पाहिलाच नव्हता असें नव्हे. इंग्लंडांत हल्क यांनीं १८६१ सालींच त्याची नोंद केली होती. पण सुट्या नोंदींचा एक रोग होत नसतो. ओतांनीं १९३८-३९ च्या सुमारास अनेक रुग्ण एकत्र ठेवून पाहिले आणि त्यांना एक सूत्र दिसलें. चेहऱ्याच्या प्रत्येक बाजूस स्पर्शाची जाणीव नेणारी एक मोठी नस आहे. तिला तीन शाखा आहेत. पहिली डोळा व कपाळ यांकडे जाते, दुसरी गाल व वरचा जबडा यांकडे, तिसरी खालच्या जबड्याकडे. डाग मुख्यतः पहिल्या दोन शाखांच्या प्रदेशांतच पसरतो. त्यावरून त्यांनीं लॅटिनमध्यें भलें लांबलचक नांव दिलें: नीव्हस फस्को-सेरुलिअस ऑफ्थॅल्मो-मॅक्सिलॅरिस. त्याचा अर्थ ‘नेत्र व ऊर्ध्वहनु यांच्या प्रदेशांतील तपकिरी-निळी जन्मखूण’ एवढाच. नांव उच्चारतांना जीभ अडखळते खरी, पण रंग आणि स्थान या दोन्ही गोष्टी त्यांत सांगून टाकलेल्या आहेत.

ओतांचे सहकारी तानिनो यांनीं १९३९ सालीं या डागाचे चार प्रकार पाडले आणि ते अजूनहि वापरले जातात. पहिला सौम्य, तो केवळ पापण्यांभोंवतीं, केवळ गालाच्या हाडावर, केवळ कपाळावर किंवा केवळ नाकपुडीवर असा एखाद्याच जागीं असतो. दुसरा मध्यम, त्यांत पापण्या, गाल व कानशील असे भाग एकदमच व्यापले जातात. तिसरा तीव्र, तो टाळू, कपाळ, भुंवई आणि नाक यांपर्यंत जातो. चौथा प्रकार दोन्ही बाजूंस असणाऱ्यांचा. तो थोड्यांतच आढळतो. ही वांटणी पृष्ठभागाची आहे, नकाशावर तालुके रंगवावेत तशी. खोलीविषयीं ती कांहीं सांगत नाहीं. ती उणीव १९९१ सालीं हिरायामा व सुझुकी यांनीं भरून काढली. कातडीचे सूक्ष्म छेद घेऊन रंगपेशी कोणत्या थरांत आहेत हें त्यांनीं पाहिलें आणि उथळ, उथळप्रधान, सर्वत्र पसरलेला, खोलप्रधान व खोल असे पांच वर्ग केले. तपकिरी दिसणारा डाग बहुधा उथळ आणि निळा दिसणारा खोल, हें गोंदणाच्या उदाहरणावरून जें अनुमान निघतें, तें छेदांतहि दिसून आलें.

वर्गीकरण म्हणजे पंडितांचा रिकामपणाचा उद्योग, असें पुष्कळांना वाटतें. येथें मात्र त्यावर रुग्णाचें सारें हित अवलंबून असतें. चेहऱ्यावरचा प्रत्येक काळसर डाग एका मापानें मोजणारा उपचारक आज शहरोशहरीं आढळतो आणि त्याचें फळ रुग्णाला भोगावें लागतें. दोन्ही गालांवर तिशीच्या सुमारास सारखाच येणारा वांग मुख्यतः वरच्या थरांतला असतो. उन्हानें वाढतो, गरोदरपणांत वाढतो. ओताच्या डागाला जो प्रखर किरण मानवतो, तोच वांगावर टाकला तर तो पुष्कळदां पूर्वींहून गडद होऊन परत येतो. मोठेपणीं स्त्रियांच्या दोन्ही गालांवर तपकिरी-निळे ठिपके येतात, ते निराळे. जपानच्याच होरी यांनीं १९८४ सालीं त्यांचें वर्णन केलें. ते अंतस्त्वचेंतलेच असतात, पण डोळ्यांत कधीं उतरत नाहींत. दुधाळ कॉफीच्या रंगाचा, रेखीव कांठाचा जन्मजात डाग किरणानें फिका झाला तरी पुष्कळदां पुन्हां उगवतो. जन्मजात जाड, केसाळ काळ्या लाशाची गोष्ट अगदींच वेगळी. त्याला बहुधा शस्त्रच हवें, आणि त्यावर लक्ष ठेवणेंहि हवें. द्राक्षासवासारखा लाल-जांभळा डाग तर रंगपेशींचा नसतोच. तो रक्तवाहिन्यांचा असतो व त्याचा किरणहि वेगळा. खांद्यावरील व दंडावरील अशाच निळ्या डागाला इतो या वैद्याचें नांव आहे; त्याचें वर्णन १९५४ सालचें.

सर्वांत मोठा धोका गालाला नसून डोळ्याला असतो. ज्या रुग्णांच्या डोळ्यांतहि हा रंग असतो, त्यांच्यापैकीं कांहींच्या डोळ्यांतील दाब वाढतो, म्हणजेच काचबिंदु होतो. हें प्रमाण सुमारें दहा टक्के आढळलें आहे. काचबिंदु बहुधा गाजावाजा न करतां दृष्टि खाऊन टाकतो. गोऱ्या वंशाच्या लोकांत असा डाग विरळा. परंतु त्यांच्यापैकीं ज्यांच्या डोळ्यांत हा रंग असतो, त्यांतील सुमारें चारशेंत एकास पुढें डोळ्याच्या आंतील पडद्यांत कर्करोग होतो, असा अंदाज आहे. आपल्याकडे तो फार क्वचित् होतो. तरीहि अशा प्रत्येक रुग्णाचा डोळा नेत्रवैद्यानें तपासलाच पाहिजे. गालाकडे साऱ्या घराचें लक्ष असतें. डोळा तपासावयाचा राहून जातो.

किरणांचा उपाय येण्यापूर्वीं वैद्यांनीं पुष्कळ मार्ग चोखाळले. कर्बवायूच्या बर्फानें कातडी गोठविणें, चाकानें ती घासून काढणें, डागाचा भाग कापून तेथें मांडीची कातडी बसविणें, असे ते मार्ग होते. यांतील प्रत्येकानें डाग जाई तो व्रण ठेवून. निळ्याच्या जागीं पांढरा किंवा सुरकुतलेला डाग आला, तर त्याला सुधारणा म्हणावें कीं नाहीं हें रुग्णानेंच ठरवावें. बाकीच्या स्त्रिया जाड लेप लावून दिवस काढीत.

पुढची हकीकत प्रकाशाची आहे. उत्तेजित अणूवर प्रकाश पडला तर तो त्याच जातीचा आणखी प्रकाश सोडूं शकतो, ही कल्पना आईनस्टाईन यांनीं १९१७ सालीं मांडली. तिला प्रत्यक्ष रूप आलें तें १९६० च्या मे महिन्यांत, कॅलिफोर्नियांत. थिओडोर मेमन यांनीं माणकाच्या कृत्रिम कांडीपासून शुद्ध तांबड्या रंगाचा लखलखीत झोत काढला. तोच पहिला लेसर. लवकरच सिन्सिनाटीचे त्वचावैद्य लिऑन गोल्डमन यांनीं तो कातडीवर वापरून पाहिला. १९६४ सालीं कार्बन डाय-ऑक्साइड वायूचा लेसर निघाला, आणि येथें महाराष्ट्राला अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. त्याचे शोधक चंद्रकुमार पटेल हे मूळचे बारामतीचे, आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून १९५८ सालीं पदवी घेऊन अमेरिकेंत गेलेले. त्यांच्या लेसरानें शस्त्रक्रियेंत मोठी क्रांति केली. परंतु त्याचा किरण पाण्यांत शोषला जातो, आणि पाणी तर कातडीच्या कणाकणांत आहे. म्हणून तो वाटेंत येईल तें सारें वाफ करून टाकीत जातो. खोल बसलेल्या रंगापर्यंत पोंचावयाचें तर वरची सारी कातडी खर्ची घालावी लागेल! हत्यार उत्तम, पण या कामाचें नव्हे.

हवा होता असा किरण, कीं जो निरोगी कातडींतून निमूटपणें जाईल आणि रंगाच्या कणावरच जाऊन फुटेल. हें शक्य कसें होईल, याचें गणित हार्वर्डचे रॉक्स अँडरसन व जॉन पॅरिश यांनीं १९८३ सालीं मांडलें. त्याचीं अंगें दोन. पहिलें रंगाचें. उन्हांत काळें व पांढरें वस्त्र शेजारीं शेजारीं वाळत घातलें तर काळें अधिक तापतें. तसा मेलॅनिन जो प्रकाश पितो पण रक्त व पाणी फारसें पीत नाहीं, असा प्रकाश निवडावा. माणकाचा ६९४ नॅनोमीटरचा तांबडा, अलेक्झांड्राइटचा ७५५ चा, आणि निओडिमियम-याग नांवाच्या स्फटिकाचा १०६४ चा अदृश्य किरण हे या कामाचे तीन मुख्य किरण होत. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जांश.

दुसरें अंग काळाचें, आणि खरी युक्ति तेथें आहे. गळकी घागर घ्यावी. तींत थेंबथेंब पाणी ओतलें तर ती कधींच भरणार नाहीं. सारें पाणी गळून भोंवतालची जमीन मात्र भिजेल. तेंच पाणी एका झटक्यानें ओतलें तर क्षणभर कां होईना, घागर कांठोकांठ भरते. रंगाचा कण ही ती घागर आणि उष्णता हें तें पाणी. सावकाश तापविलें तर उष्णता कणांतून गळून शेजारची कातडी भाजते व व्रण पडतो. उष्णता गळावयास अवसर मिळण्यापूर्वींच झोत संपला, तर कण फुटतो आणि शेजारी वांचतो. रंगाचा कण इतका सूक्ष्म आहे, कीं हा झोत सेकंदाच्या कांहीं अब्जांशांत संपावा लागतो. सुदैवानें असा झोत काढण्याची तोड हेलवर्थ व मॅक्लंग यांनीं १९६२ सालींच करून दाखविली होती. धरणाचे दरवाजे बंद ठेवून पाणी तुंबवावें आणि मग एकदम मोकळे सोडावें, तशी ती रीत आहे. तिला क्यू-स्विच म्हणतात. पन्नास ग्रॅमचें लिंबू एक मीटर उंच उचलावयास अर्धा ज्यूल शक्ति लागते. तेवढीच शक्ति सेकंदाच्या दहा अब्जांशांत सोडली, तर त्या क्षणापुरता तिचा जोर पांच कोटी वॅट होतो. बेताची शक्ति आणि अफाट वेग, एवढेंच त्या यंत्राचें रहस्य. १९९४ सालीं जपानच्या वाटानाबे व ताकाहाशी यांनीं या रीतीच्या माणिक-किरणानें ११४ रुग्णांवर केलेल्या उपचारांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. शंभर वर्षें वैद्यांना दाद न देणारा डाग आतां फिका पडूं लागला होता.

प्रत्यक्ष उपचाराचें वर्णन थोडक्यांत सांगतां येईल. आधीं तासभर बधिर करणारें मलम लावून ठेवतात. लहान मुलांना बहुधा पूर्ण भूल द्यावी लागते. पापणीवर काम करावयाचें असेल तर पापणीच्या आंत बुबुळावर धातूची वाटी बसवितात. हा नियम मोडणें म्हणजे डोळ्याशीं खेळ होय. झोत पडतांच फोडणींतल्या मोहरीसारखा तडतड आवाज होतो, बारीक चटका बसतो आणि ती जागा क्षणांत पांढरी पडते. ही पांढरी झांक थोड्या वेळांत जाते. मग सूज, लाली, कधीं बारीक खपल्या. त्या दिवशीं डाग जात नाहीं, आणि येथेंच पुष्कळांची निराशा होते. फुटलेले कण उचलून नेण्याचें काम शरीरांतील भक्षक पेशींचें आहे आणि त्या आपल्या गतीनें तें करतात. त्याला महिने लागतात. म्हणून दोन बैठकांत निदान दोन-तीन महिन्यांचें अंतर ठेवतात, आणि चार-पांचांपासून आठ-दहापर्यंत बैठका लागतात. सौम्य व उथळ डागाला कमी, निळ्या व खोलास अधिक. घाईनें दर पंधरवड्यास बोलावणारा उपचारक शरीराला त्याचें काम करूं देत नाहीं.

आपल्या लोकांच्या बाबतींत एक अडचण अधिक आहे. सावळ्या कातडीच्या वरच्या थरांतहि मेलॅनिन भरपूर असतें. किरणाला हा वरचा मेलॅनिन कोणता आणि खालचा कोणता हें कळत नाहीं. तो वाटेंतच वरच्या रंगावर खर्च होतो. मग कातडी भाजते किंवा तेथें पांढरे ठिपके पडतात, किंवा दाह होऊन कांहीं महिने नवा काळेपणा येतो. म्हणून माणकाचा किरण जपानांत जितका मानवला तितका तो येथें मानवेलच असें नाहीं. आपल्याकडे १०६४ चा किरण अधिक पसंत केला जातो. मेलॅनिन तो कमी पितो, तेव्हां वरचा थर वांचतो, आणि तो खोलहि जातो. त्याच्या बैठका मात्र अधिक लागतात. आधीं कानापुढच्या लहानशा जागीं प्रयोग करून पाहणें, उन्हापासून काटेकोर जपणें आणि उपचाराच्या काळांत दुसरीं मलमें बंद ठेवणें, हें येथें टाळतां येत नाहीं. २०१२ पासून याहून हजारपट सूक्ष्म काळाचे, म्हणजे पिकोसेकंदांत मोजावयाचे झोत सोडणारीं यंत्रेंहि आलीं आहेत. त्यांनीं बैठका कमी लागतात असा पुष्कळांचा अनुभव आहे. यंत्राची किंमतहि त्याच मानानें चढलेली असते, आणि ती शेवटीं रुग्णाकडूनच वसूल होते.

मुलांना उपचार केव्हां करावा, यावर दोन मतें आहेत. लवकर केल्यास कातडी पातळ असते, डाग लहान असतो, बैठका कमी लागतात, आणि शाळेंतील चिडवाचिडवी सुरू होण्यापूर्वीं काम होतें. उलट, भूल द्यावी लागते, आणि पुढें वयांत येतांना राहिलेल्या पेशी पुन्हां रंग धरण्याचा संभव असतो. पहिलें मत अधिक सबळ दिसतें, पण निर्णय आईबापांनीं वैद्याशीं बोलून घ्यावा; नातेवाइकांच्या बैठकींत घेऊं नये. ज्या प्रौढ स्त्रीला आपल्या डागाचें कांहीं वाटत नाहीं, तिला तो काढण्याचा आग्रह करण्याचा अधिकार कोणालाच नाहीं. हा डाग रोग नव्हे, आणि गालावर तो आयुष्यभर राहिला म्हणून शरीराचें कांहीं बिघडत नाहीं.

डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील निळेपणास हा किरण कधींच लावीत नाहींत. तो तसाच राहतो. गाल स्वच्छ झाला, शेवटची बैठक आटोपली, कीं पुष्कळ लोक दवाखान्याची वाट विसरतात. डोळ्यांतील दाब मोजण्यास मात्र वर्षांतून एकदां गेलेंच पाहिजे, आणि तें गालावरील डाग राहिला असो वा गेला असो, जन्मभर.